कोठारामागचे काका

आमच्या ह्यांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की आधी मान वर, मग खाली, मग भिंतीवर टिचकी. निवृत्त झाल्यावर सरकारने ह्यांच्याकडून शिक्का परत घेतला, टिचकी परत घ्यायची मात्र राहून गेली. तेव्हापासून घरातली कपाटं, शेजाऱ्यांचा जिना, खालच्या मजल्यावरचा माझा व्यायामोपचाराचा दवाखाना, काही म्हणजे काही ह्यांच्या तपासणीतून सुटलेलं नाही. एखादा पेशंट गुडघा धरून कसाबसा खाटेवर आडवा होतो न होतो, तोच हे दारातून डोकावून म्हणतात, "ती खाट डावीकडे झुकते हं, जपून." बिचारा उरलेला व्यायाम उभ्याने करतो.

आमची एकुलती एक लेक जनावरांची डॉक्टर आहे. लहानपणी गालात शेंगदाणे साठवून ठेवायची म्हणून तिला खारू म्हणायला लागलो, ते अजून सुटलेलं नाही. हट्टाच्या बाबतीत मात्र ती खार नाही, घोरपड आहे, आणि हा गुण कोणाकडून आला हे मी सांगायची गरज नाही. खाण तशी माती.

खारूने ज्याला पसंत केलं तो मुलगा चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासतो. कामात तरबेज, वागायला गरीब, आणि बोलायला म्हणाल तर बोलतच नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव काचवाला ठेवलं. पोटातलं सगळं आरपार दिसायचं, आवाज तेवढा यायचा नाही.

खरा पेच तिथेच होता. खारूला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली होती आणि जाणार की नाही ते महिनाअखेर कळवायचं होतं. एका दुपारी ती दवाखान्यात येऊन माझ्या रिकाम्या खाटेवर पाय सोडून बसली.

"आई, लग्नाचं त्याने स्वतः बाबांना विचारायचं. मी विचारणार नाही. तूही मध्ये पडायचं नाहीस."

"अगं, तुमचं ठरलंय तर बाबांना नुसतं सांगून टाका. आजकाल विचारतं कोण?"

"परवानगी मला नकोच आहे. त्याला तोंड आहे का ते बघायचंय. जो माझ्या बापाशी चार वाक्यं बोलू शकत नाही, तो उद्या माझ्या बाजूने कोणाशी बोलणार? महिनाअखेरपर्यंत विचारलं तर मी राहते. नाहीतर बॅग भरते."

"त्याला माहीत आहे हे?"

"आहे ना. म्हणून तर त्याचं वजन उतरलंय."

मध्ये पडू नकोस म्हटल्यावर मी थोडीशीच पडले. रात्री जेवताना ह्यांना सहज विचारलं, "उद्या त्या मुलाने येऊन काही विचारलं, तर?"

"विचारू दे की. मी काय खातो त्याला?"

"खात नाही हो, पण चावता."

त्यावर ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला की विषय संपला असं समजायचं. मग तोच चष्मा तासभर घरभर शोधायचा, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काचवाला चहाला आला तेव्हा हे त्याच्यासमोर अशा बेताने बसले, की मला वाटलं आता याच्या डोक्यावर टिचकी मारून बघणार. खारू दोघांच्या मध्ये, हाताची घडी घालून. मी मनात म्हटलं, विचार बाबा एकदाचं आणि सोडव सगळ्यांना.

"दुकान सुटल्यावर काय करतोस?" ह्यांनी विचारलं.

"खेळ बनवतो. म्हणजे, कॉम्प्युटरवरचा. मूळ खेळ जुना आहे, वीसेक वर्षांपूर्वीचा. त्यावर मी नवी मोहीम बनवलीय."

हे प्रकरण मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलंय, म्हणून सांगते. या खेळात एक नायक घ्यायचा आणि परक्या राज्यात हिंडायचं. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. आपल्याला काय बोलायचंय त्याची दोनचार वाक्यं खाली लिहून येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि जसं बोलू तशी पुढची गोष्ट बदलते. मधूनमधून मारामारी. मूळ खेळ ज्यांनी काढला त्यांनी सोबत तो बनवायची अवजारंही देऊन टाकली होती. ते लोक केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले, पण खेळाचे वेडे अजून ती अवजारं घेऊन नवी गावं, नवी माणसं बनवताहेत. काचवाल्याने तर अख्खी मोहीम आपल्या बोलीत लिहिली होती.

"पैसे काय मिळतात?"

"फुकट आहे, काका."

"म्हणजे मूळ वस्तू जुनी, तिच्यावर बसवलेली फुकटची, आणि ती करायला वेळ किती गेला?"

"नऊ वर्षं."

ह्यांनी कप बशीत ठेवला. "नऊ वर्षं! फुकट घालवलीस म्हण की."

"जुनं ते सोनं म्हणतात ना," मी सारवासारव केली.

"जुनं ते सोनं म्हणणारा माणूस कधी जुन्या लिफ्टमध्ये अडकलेला नसतो."

आता हा पोरगा चहा संपवून मुकाट उठणार असं मला वाटलं. पण त्याने मान वर केली. "काका, नव्या खेळात घोड्याच्या अंगावरचा केसन्‌केस दिसतो. पण त्या घोडेवाल्याशी बोलायला जा, त्याला दोन वाक्यं येतात. जुन्या खेळांकडे दाखवायला काही नव्हतं. चित्रं म्हणजे नुसते ठोकळे. म्हणून त्यांनी माणसांना बोलतं केलं. भिकाऱ्याला विचारलंत तरी तो त्याची कहाणी सांगतो. आणि आम्ही जे घरी बसून मोहिमा बनवतो ना, आम्हाला विकायचं नसतं, त्यामुळे घाई नसते. माझ्या खेळात एक म्हातारा नावाडी आहे. त्याचं बोलणं लिहायला मला पाऊण वर्ष लागलं."

एवढं तो एका दमात बोलला. आजारी गाय अचानक उठून उभी राहिल्यावर बघावं, तशी खारू त्याच्याकडे बघत होती.

"बसवून दे," हे म्हणाले. "खेळण्याच्या लायकीचा आहे की नाही, मी बघतो."

काचवाल्याने तिथल्या तिथे आमच्या कॉम्प्युटरवर खेळ बसवला, अवजारं त्याच्याबरोबर आपोआप आली, आणि मुख्य प्रश्न न विचारताच तो घरी गेला. खारूने कप इतक्या जोरात विसळले की एकाचा कान तुटला.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. सुरुवातीला नायकाला गुण वाटून द्यायचे असतात. शक्ती, चपळाई, बुद्धी वगैरे, आणि गुण मोजकेच. ह्यांनी सगळे शक्तीत आणि सहनशक्तीत ओतले आणि बुद्धीला तळाशी चिकटलेले तेवढे ठेवले. मी म्हटलं, "अहो, बुद्धी?"

"ती माझी आहे की. नायकाला वेगळी कशाला?"

नायक चालायला लागला तेव्हा मी मागे उभी होते. गुडघा न वाकवता चालत होता. माझ्याकडे आला असता तर पंधरा दिवसांत सरळ केला असता. वेशीवर पहारेकऱ्याने अडवलं आणि नदी चोरीला गेल्याची लांबलचक हकीगत सांगितली. खेळाची गोष्टच ती होती, राज्यातली नदी रातोरात कोणीतरी चोरलेली आणि नायकाने ती शोधायची. "नदी चोरता येत नाही," असं हे पहारेकऱ्याला सुनावणार होते, पण खाली निवडायला वाक्यं आली ती अशी: "मी मोठा." "भूक." "दार. ढकलू?"

ह्यांनी ताबडतोब खारूला फोन लावला. "तुझ्या त्या मुलाचा खेळ बिघडलेला आहे. मला बोलताच येत नाहीये."

पलीकडे खारू इतकी हसली की मागे कुत्री भुंकायला लागली. "बाबा, तुम्ही मठ्ठ नायक केलात! बुद्धी नसेल तर तो तसंच बोलतो. मठ्ठ नायकासाठी त्याने सगळी संभाषणं वेगळी लिहिलीत."

"सगळी?"

"सगळी. मठ्ठ नायक कोणी घेत नाही, तरी लिहिलीत."

ह्यांनी फोन ठेवला. जिथे कोणी बघणार नाही तिथे लोक स्क्रू मारत नाहीत, हे ह्यांनी जन्मभर पाहिलेलं. इथे एकाने कोणी बघणार नाही तिथेच जास्त स्क्रू मारले होते. तो मठ्ठ नायक घेऊन हे पुढचे दोन दिवस हौसेने हिंडले. राजाच्या भर दरबारात "खुर्ची. छान. माझी?" असं म्हणून तुरुंगात गेले, तेव्हा कुठे नवा, शहाणा नायक करायला तयार झाले.

मग जे सुरू झालं त्याला मी तपासणी म्हणत नाही, पण हे म्हणत होते. नव्याचे नऊ दिवस असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. खाली मी एकाच्या गुडघ्याला शेक देत होते, तोच वरून आरोळी आली, "मागून! अरे मागून आला मेला!" माझा पेशंट खाटेवरून उडाला. तीन महिन्यांत जो गुडघा वाकला नव्हता तो त्या दिवशी पुरता वाकला. जेवताना हे भाताचा घास हातात धरून म्हणायचे, "मला त्या नावाड्याचा संशय आहे. फार गोड बोलतो." विचारावं, "म्हणजे खेळ बरा आहे?" तर उत्तर यायचं, "तपासणी चालू आहे." मलाही आता त्या नदीची काळजी वाटायला लागली होती, पण मी कशाला कबूल करते.

आणि महिनाअखेर जवळ येत चालली होती. काचवाला दोनदा येऊन गेला. एकदा ह्यांच्या चष्म्याची काच बदलून दिली, एकदा खेळाची सुधारलेली प्रत बसवून तो नीट चालतोय ना विचारलं. सगळं विचारलं, तेवढं सोडून. खारूने कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली. नुसती ठेवली, भरली नव्हती, पण मी येताजाता तिला अडखळत होते आणि दर वेळी आत काही भरलंय का बघत होते.

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांतले हे नाहीत. हे शीतन्‌शीत दाबून बघणार. इतर खेळणारे बुरुजाच्या दारातून आत जातात, हे आधी बुरुजाभोवती फिरून पाया बघायचे. तसेच एका दुपारी धान्याच्या कोठाराच्या मागच्या भिंतीला खेटून नायकाला चालवत होते, तर नायक भिंतीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"अगं! इकडे ये लवकर!"

मी हातातलं तेल पुसत वर गेले. नायक एका बिनखिडकीच्या खोलीत उभा होता. कोपऱ्यात तलवारींचा ढीग. एका रांगेत बऱ्याच शेळ्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. मध्येच एक दार, कुठल्याच भिंतीत नसलेलं. खारूने नंतर समजावलं, की मोहीम बनवणारे सगळेच अशी एक खोली ठेवतात. नवी वस्तू, नवं माणूस आधी तिथे करून बघायचं आणि नीट जमलं की राज्यात न्यायचं. मोहीम लोकांना देताना त्या खोलीची वाट बुजवायची असते. काचवाला ती बुजवायला विसरला होता, आणि इतक्या वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही, कारण कोठाराच्या पाठीला खेटून चालणारा प्राणी त्याच्या खेळाला तोवर भेटलाच नव्हता.

शेळ्यांच्या पलीकडे एक खुर्ची होती. खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ. ठोकळ्यांचंच चित्र, पण कपाळावर चष्मा होता. डोक्यावर नाव लिहिलेलं: काका.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

ह्यांनी नायकाला पुढे नेलं. निवडायला वाक्यं आली. पहिलं होतं, "काका, आज हवा छान आहे." ह्यांनी ते निवडलं. खुर्चीतले काका म्हणाले, "हवा बघायला आलास का? निघ." आणि नायक धाडकन खोलीबाहेर, कोठारामागे.

पुन्हा आत. "काका, माझी नोकरी पक्की आहे." उत्तर: "काचा घासून घर चालतं का? निघ."

पुन्हा. "काका, मी एक मोहीम बनवलीय." उत्तर: "नऊ वर्षं फुकट घालवलीस. निघ."

"हे मी बोललो होतो," हे हळूच म्हणाले.

"चहाच्या वेळी," मी म्हटलं. "चहा झाल्यावर घरी जाऊन लिहिलेलं दिसतंय. मग खेळ नीट चालतोय ना बघायला आला तेव्हा सुधारलेली प्रत बसवून गेला, तिच्याबरोबर आलं असेल."

सुरुवाती संपेनात. काही विनोदी, काही इतक्या नम्र की वाचवत नव्हत्या. एकीत त्याने ह्यांना लिफ्टच्या दोरखंडाबद्दल शंका विचारली होती. सगळ्यांचा शेवट एकच. निघ, निघ, निघ. हे चिडून एकेक निवडत गेले. जिंकायचंच, असा हट्ट होता. शहाण्या नायकाला सगळ्या मार्गांनी आत पाठवलं आणि स्वतःच स्वतःला हाकलून दिलं. शेवटी हात थांबला.

"मी असा आहे?"

एरवी अशी संधी मी सोडली नसती. "हो" अगदी जिभेवर होतं. पण हे त्या ठोकळ्यांच्या म्हाताऱ्याकडे असे बघत होते की मला ते गिळावं लागलं. खरं सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा राग पुष्कळदा आला, दया त्या दिवशी पहिल्यांदा आली.

"असे नाही आहात," मी म्हटलं. "पण लांबून असेच दिसता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांनी ती अवजारं उघडली. मला वाटलं होतं नाकी नऊ येतील, पण संभाषण कसं लिहिलेलं असतं ते बघून हे म्हणाले, "हे तर बटणांचं जाळं आहे. कुठलं दाबलं की कुठल्या मजल्यावर जायचं, एवढंच." पहिल्या प्रयत्नात काहीतरी चुकलं आणि काकांऐवजी शेळ्या बोलायला लागल्या. ओळीतली प्रत्येक शेळी गंभीर चेहऱ्याने "ऐकतोय, पुढे बोल" असं म्हणत होती. दुसऱ्या प्रयत्नात नायकच खुर्चीत बसला आणि उठेना.

"अहो, सरळ त्याला बोलावून हो म्हणून टाका ना," मी म्हटलं.

"खारूने घातलेली अट मला माहीत आहे. तू फोनवर बहिणीशी जोरात बोलतेस. त्याने विचारायचंय." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि इथे 'हो' लिहायचं म्हटलं तर लिहू कुठे? उत्तर कुठल्यातरी वाक्याखाली टांगावं लागतं. मी सगळी संभाषणं मुळापर्यंत बघितली. याने इतक्या सुरुवाती लिहिल्या, पण त्यांत विचारलेलंच नाहीये. एकदाही नाही."

मी वाकून बघितलं. खरंच नव्हतं. स्वतःच्याच खेळात, बंद खोलीत, शेळ्यांशिवाय कोणी साक्षीला नसताना पोराने ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं. प्रश्नापर्यंत पोचायच्या आधी दर वेळी स्वतःच स्वतःला हाकलून दिलं होतं.

"मग त्याचं वाक्य तुम्हीच लिहा की."

"त्याच्या तोंडचं मी कसं लिहू?" हे म्हणाले, आणि पुन्हा बटणांच्या जाळ्यात शिरले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ह्यांनी काचवाल्याला निरोप पाठवला, "खेळात दोष सापडला आहे, समक्ष ये." तो आला. खारूही आली होती, पण आमच्याकडे न बघता तिने आतल्या खोलीत बॅग उघडली आणि एकेक कपडा घडी करून ठेवायला लागली. दार उघडंच होतं.

"काका, खेळ कसा वाटला?" काचवाल्याने विचारलं.

"तो बोलणारा बोका अनावश्यक आहे. नावाडी निर्दोष निघाला, ते मला पटलेलं नाही. एरवी..." हे घुटमळले. "एरवी वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असो नाहीतर फुकटची, खेळण्यासारखी आहे. मी माझ्या ओळखीच्या दोघांना सांगितलंय." आणि तो हसायच्या आत म्हणाले, "दोष कोठाराच्या मागे आहे."

काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ती... तो भाग खेळात नाहीये, काका."

"मग माझ्यासमोर कसा आला? बस इथे. जा आत."

तो खुर्चीत बसला. हे शेजारी स्टूल ओढून बसले. स्वतःच केलेली वाट, तरी त्याचा नायक दोनदा कोठारावर आपटला. शेवटी आत शिरला. तलवारी, शेळ्या, खुर्ची. त्याने खालमानेने पहिलं वाक्य निवडलं, "काका, आज हवा छान आहे," आणि डोळे मिटून घेतले.

नायक बाहेर फेकला गेला नाही. पडद्यावरचे काका म्हणाले, "ऐकतोय. पुढे बोल."

काचवाल्याने डोळे उघडले. ते वाक्य त्याचं नव्हतं. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, हे पडद्याकडे बघत राहिले. खाली आता दुसरी सुरुवात आली होती, "काका, माझी नोकरी पक्की आहे." त्याने ती निवडली. "ऐकतोय. पुढे बोल." मग मोहिमेची. मग दोरखंडाची. ह्यांनी एकेक "निघ" उपटून काढला होता आणि एका सुरुवातीला पुढची सुरुवात जोडली होती. जो माणूस आयुष्यात कोणाला वाक्य पुरं करू देत नाही, त्याने तिथे दर वेळी एवढंच लिहिलं होतं, ऐकतोय, पुढे बोल. आतल्या खोलीतला कपड्यांचा आवाज थांबला होता.

सगळ्या सुरुवाती संपल्या. काकांनी शेवटचं "पुढे बोल" म्हटलं, आणि खाली काहीच आलं नाही. निवडायला वाक्यच नव्हतं. पडदा नुसता वाट बघत राहिला.

काचवाला त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. मी पदर तोंडात धरला होता, न जाणो माझ्याच तोंडून काही निघून जायचं. मग त्याने माउस सोडला, हात पँटला पुसला आणि स्टुलावर बसलेल्या खऱ्या माणसाकडे वळला.

"काका, मला तुमच्या खारूशी..."

"हो," हे म्हणाले.

"...लग्न..."

"हो म्हटलं ना!"

"बाबा!" खारू हातात अर्धवट घडी घातलेला सदरा घेऊन दारात उभी होती. डोळे भरलेले, आणि तरी संतापलेली. "त्याला वाक्य पुरं करू द्या! तीच तर अट आहे!"

हे ओशाळले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली, ओठ घट्ट मिटले. काचवाल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्याशी लग्न करायचंय म्हणाला, तिची नोकरी जिथे असेल तिथे काचा घासता येतील म्हणाला, ती चिडते तेव्हा भीती वाटते आणि ती नसते तेव्हा त्याहून जास्त वाटते म्हणाला. तुमची हरकत आहे का, असं शेवटी विचारलं. केवढं लांबलचक वाक्य होतं ते. हे मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग उत्तर द्यायची वेळ आली, आणि आमच्या ह्यांना ते येईना. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आठवडाभर घोकलेला एक शब्द, मघाशी दोनदा फटकन आलेला, आता बाहेर पडेना. पोरगा त्यांच्याकडे बघतोय, खारू बघतेय, मी बघतेय. काचवाला स्टुलाजवळ सरकला आणि ह्यांच्या हातावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "सावकाश, काका. मी ऐकतोय."